पेटीतला शंखवासी खेकडा

निपाणीच्या एका तंबाखू वखारीत चाळणीवर काम करणाऱ्या भीमाप्पाच्या घरी दोन वर्षांत अकरा खेकडे मेले होते.

हे नदीतले, रस्सा करावयाचे खेकडे नव्हेत. वेंगुर्ल्याच्या खडकांत राहणारे, रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून तो पाठीवर वाहणारे हे शंखवासी खेकडे. १९८१ साली ट्रकसोबत तिकडे गेला असता भीमाप्पाने एक नवल पाहिले होते. एक खेकडा जुन्या शंखातून सुळकन बाहेर आला आणि आपले उघडे, मऊ अंग घेऊन क्षणार्धात मोठ्या शंखात शिरला. हे नवल आपल्या घरी, आपल्या डोळ्यांदेखत एकदा तरी घडावे, या इच्छेने त्या सातवी नापास माणसाच्या अंतःकरणात ठाण मांडले.

त्याने काचेची पेटी करविली, बेळगावहून हवेचा पंप आणिला. ट्रकवाला रवळू कॅनमधून समुद्राचे पाणी व एखादा खेकडा आणून देई. सायंकाळी वखारीतून येताच भीमाप्पा चहालाही न थांबता बाही सारून पेटीत हात घाली, सुकटीचा तुकडा खेकड्यापुढे ठेवी, मोठे शंख त्याच्याजवळ सरकवी. इतकी माया करूनही आठ दिवसांत खेकडा शंखातून अर्धा बाहेर लोंबे आणि संपे. भीमाप्पाने वाळू बदलली, पेटी उन्हातून सावलीत नेली, पंपाला शिव्या घातल्या. यत्किंचितही उपयोग झाला नाही.

"अण्णा, ह्यो बारावा आणि शेवटचा," रवळू म्हणाला. "त्या कोळ्यांनी माझं नाव यमदूत ठेवलंय."

बारावा आला त्याच दिवशी भीमाप्पा तापाने अंथरुणाला खिळला. त्याची पत्नी तानुबाई दारात तंबाखूचे सूप मांडीवर घेऊन विड्या वळी. त्या किड्याला ती बोटही लावीत नसे. सहा दिवस पेटीत कोणाचाच हात पडला नाही. सातव्या दिवशी ताप उतरला, तेव्हा तानुबाई सहज म्हणाली, "अवो, तुमच्या त्या पावण्यानं काल घर बदललं की. भायेर आलं, नागडं, आणि भसकन त्या पांढऱ्या शंकात."

"काल? आणि मला उठवलं न्हाईस?"

"तापात बरळत हुतासा. खेकडा दावायला उठवू व्हय?"

भीमाप्पाचा संताप अनावर झाला. दोन वर्षे ज्यासाठी डोळ्यांत तेल घातले, ते नवल सूप घेऊन बसलेल्या बाईने पाहिले आणि विड्या वळणे न थांबविता पाहिले! तरी खेकडा तुरुतुरु पळत होता, हे पाहून त्यास उमेद आली. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, परत आला आणि बाही सारून हात पाण्यात घातला.

तासाभरात खेकड्याचे पाय लुळे पडले.

"तुमी हातरुणात हुतासा तवर बरं चाललं हुतं बघा त्येचं," तानुबाई म्हणाली.

भीमाप्पाने आपली बोटे पाहिली. पिवळी, तपकिरी, नखांत जर्दा. परसातल्या वांग्यांवर मावा पडला की तो स्वतःच तंबाखू भिजवून ते पाणी शिंपडीत असे. दुपारपर्यंत सारे किडे गळून पडत. अकरा वेळा त्याने तोच काढा आपल्या हातांनी पेटीत कालविला होता.

तो ओरडला, "हात लावू नगंस! कॅनमधलं ताजं पाणी बादलीत वत आणि पळीनं उचलून टाक त्येला!"

रात्रीपर्यंत खेकड्याने एक पाय हलविला. सकाळी दोन्ही नांग्या.

भीमाप्पाने राख, लिंबू, घासलेट सारे हातांवर घासले. वास जाईना. हात नाही घातला तरी काय? घरात सुपातली धूळ, कपड्यांतली धूळ. पाण्यावर तांबूस साय धरू लागलीच होती.

रवळू आला. सारे ऐकून हसत म्हणाला, "मग वखार सोडा की अण्णा."

"आणि खाऊ काय, त्येची सुकट?" भीमाप्पा खेकसला. "घिऊन जा. जितनं आणलास तितंच सोड."

रवळूने बादली उचलली. भीमाप्पा दोन्ही हात काखेत घालून मागोमाग ट्रकपर्यंत गेला. खेकडा पांढऱ्या शंखातून डोळे काढून पाहत होता. बोटभर अंतरावर होता.

"झाकण नीट लाव," भीमाप्पा म्हणाला, "आणि वाटंत तंबाखू मळशील तर बघ."