तांब्याच्या पत्र्यावरची बाई

"आबा, दसऱ्यापासून नावं मशीनवरच घालायची," आदिनाथ म्हणाला. "तुम्ही गिऱ्हाइकांना भांडी दाखवा. निवांत बसा."

लोणावळ्याच्या बाजारातल्या आदिनाथच्या भांड्यांच्या दुकानात महिपतीचं आयुष्य गेलं होतं. छिन्नी-हातोडीनं भांड्यांवर नावं कोरायची. गेल्या वर्षी अंगावरून वारं गेलं आणि उजवा अंगठा अधू झाला.

"मशीन टोचतं. कोरत न्हाई," महिपती म्हणाला.

"गिऱ्हाइकाला फरक कळतो का?"

महिपतीनं छिन्नी खिशात घातली.

त्याची बायको नंदाबाई कुसगावच्या एका बंगल्यात कामाला होती. त्याच आठवड्यात तिनं तिथून एक चित्र आणलं. फ्रेमची काच फुटली म्हणून मालकिणीनं देऊन टाकलेलं.

"फ्रान्सातलं हाय म्हनं. लय जुनं."

झाडांखाली बायका-पुरुष जमले होते. एक जण वाद्य छेडत होता, बाकीचे गवतावर रेलले होते.

"कामधंदा न्हाई वाटतं ह्यास्नी," नंदाबाई म्हणाली.

महिपतीनं भिंग लावलं. सावली, पानं, रेशमाची चमक, सगळ्या नुसत्या रेघा. अंधार तिथं दाट, उजेड तिथं विरळ. कडेनं कागदात पत्र्याचा दाब उमटला होता.

"नंदे, हे पत्र्यावर कोरलंय. मग कागदावर उठवलंय. म्या बी कोरनार."

"ह्या अंगठ्यानं?"

"दुसरा कुटनं आनू?"

तांब्याच्या पत्र्यावर कोरायला त्यानं चित्रातली एकच बाई निवडली. पाठमोरी, तोंड जरा एका बाजूला, खांद्यापासून जमिनीपर्यंत नुसता झगा. अंगठा दाबेना, म्हणून चिंधीनं छिन्नी बोटांना बांधली. लांब रेघ घसरायची. मग तो तीच रेघ बारीक ठोक्यांनी पुढं नेऊ लागला. दोनदा पत्रा घासून कोरा केला. शेवटी झग्याखाली त्यानं स्वतःचं नाव घातलं. आजवर कुठल्याच भांड्यावर ते घालायची वेळ आली नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो प्रदीप सोनाराकडं गेला. चांदीचा पत्रा दाबायचं रुळांचं मशीन त्याच्याकडं होतं. मजा बघायला आदिनाथही आला. महिपतीनं रेघांत शाई भरली, वरची पुसली. वर ओला कागद, त्यावर घोंगडीचा तुकडा. प्रदीपनं दांडा फिरवला.

कागद उचलला. झगा पुरता उतरला होता, चुण्या न् चुण्या.

"आबा, आता वळून बघंल ही बाई!" प्रदीप म्हणाला.

आदिनाथ वाकला. "झगा मशीनला जमला नसता, हे खरं. पण आबा, नाव उलटं उमटलंय की हो!"

महिपतीनं पत्रा कागदाशेजारी धरला. भांड्यावरचं नाव भांड्यावरच वाचतात. ते कागदावर कुणी उठवत नाही. पत्र्यावर उलटं कोरायचं असतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बाईचं तोंडबी दुसरीकडं झालंय," प्रदीप हसला. "नाव कापून टाकू? बाई झकास आलीय."

"बाईला वळायचं तर वळू दे. नाव न्हाई कापायचं."

"पुन्हा करणार?" आदिनाथनं विचारलं. "उद्या दुकानात गर्दी आहे."

"उद्या दाखवतो की भांडी. सांजचं काम माजं."

घरी येऊन त्यानं पॉलिशपेपरनं पत्र्यावरचं नाव घासलं. झग्याला धक्का लागू न देता, हळूहळू. मग कागदावर मोठ्या अक्षरात नाव लिहून तो नंदाबाईला म्हणाला, "आरसा धर."

तिनं आधी त्याच्या बोटांना चिंधी बांधली. मग कपाटाच्या दाराला टांगलेला आरसा काढून दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्यात कागदावरचं नाव उलटं दिसू लागलं.

"हलू नगंस."

"तुमी ठोका," ती म्हणाली.