हिंदुरावांची गोधडी

हिंदुरावांनी पाळण्यात हात घालून नातीची मूठ बोटांत धरली आणि चटकन सोडून दिली. मूठ गारठलेली होती. त्यांनी खिडकी पुन्हा एकदा ओढून पाहिली. ती लागलेलीच होती, पण जानेवारीतला नदीवरचा वारा अकराव्या मजल्यावरही कुठून तरी आत येत होता.

साडेसहा वाजले होते. तनुजा बाथरूममध्ये होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची खोली अशी गार, ही गोष्ट त्यांना अठरा दिवस टोचत होती. त्यांची बायको मैना असती तर तिनं सगळं बघितलं असतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि बाळंतपणातलं हिंदुरावांना एवढंच ठाऊक होतं, की बाळाला गुंडाळून ठेवतात.

कपाटावर तनुजानं डॉक्टरांच्या सूचना लिहून चिकटवल्या होत्या. बाळाला पाठीवर निजवा. पाळण्यात उशी नको, सुटं पांघरूण नको. अंगात झबलं आणि त्यावर चेनवाली जाड सुती पिशवी, बस्स. तो कागद हिंदुराव रोज वाचत आणि रोज मनात म्हणत, पोरीला भाजीसारखं पिशवीत घालून ठेवलंय.

आज त्यांच्यानं राहवलं नाही. त्यांनी आपल्या पलंगावरची गोधडी आणली. ती अजून त्यांच्या अंगानं ऊबदार होती. दुहेरी घडी करून त्यांनी ती नातीच्या छातीपर्यंत पांघरली, दोन्ही बाजूंनी नीट खोचली आणि दूध आणायची पिशवी घेऊन आपले फिरायला जायचे बूट घातले. खाली, एके काळी आपल्या ज्या रानात ज्वारी घेतली तिथेच उभ्या राहिलेल्या या इमारतीभोवती त्यांनी रोजच्या सहा फेऱ्या मारल्या. आज जरा ऐटीत मारल्या.

परत आले तेव्हा तनुजाचा आवाज लिफ्टपर्यंत येत होता.

"मावशी, किती वेळा सांगितलं, पाळण्यात काही टाकायचं नाही! तोंडावर आली होती गोधडी. अजून पाच मिनिटं गेली असती तर?"

हिंदुराव खोलीच्या दारातच थबकले. तनुजाच्या खांद्यावर बाळ रडत होतं. चेहरा लालबुंद, जावळ घामानं कपाळाला चिकटलेलं. बाळाला न्हाऊ घालायला रोज सातला येणाऱ्या यमुनाबाई समोर उभ्या होत्या. त्यांच्या हातात ती गोधडी होती.

बाळ रडतंय, म्हणजे ठीक आहे, असं हिंदुरावांनी स्वतःला दोनदा सांगितलं. मग बोलायला तोंड उघडलं.

"वाचता येत नसेल, पण सांगितलेलं कळतं ना?" तनुजा म्हणाली. "उद्यापासून नका येऊ तुम्ही."

यमुनाबाईंनी मान खाली घातली. आणि हिंदुरावांनी उघडलेलं तोंड मिटलं, स्वयंपाकघरात जाऊन दूध पातेल्यात ओतलं आणि ते उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. वाटणीच्या वेळी भावांसमोर, बिल्डरच्या ऑफिसात, मैनेसमोर तर कधीच, 'माझं चुकलं' हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. आज ते बायामाणसांसमोर कसे काढायचे? त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि त्या लाजेनंच जीभ आणखी जड केली होती.

आतून पाण्याचा आवाज आला. बाळाची अंघोळ चालली होती म्हणजे. मग पाणी थांबलं, बाळ शांत झालं. यमुनाबाई पिशवी उचलून निघाल्या तेव्हा हिंदुराव त्यांच्यामागे लिफ्टपर्यंत गेले.

"यमुनाबाई, मी बोलतो तिच्याशी. काम नाय जायचं तुमचं."

"काम कुठं गेलंय?" यमुनाबाई म्हणाल्या. "पाणी वतताना ताईंनीच सांगितलं, मावशी, उद्या येळेवर या. आबांना तोंडावर कसं बोलू, म्हणून तुम्हाला बोलले."

हिंदुरावांनी मागे वळून घराच्या दाराकडे पाहिलं.

"तुमची गोधडी ताई वळखत नायत व्हय? मी दार वाजवलं, ताईंनी बाथरूममधनं येऊन उघडलं, तवा बाळाच्या नाकावर व्हती. मीच उचलली." लिफ्ट आली. त्या आत शिरल्या आणि बटणावर बोट ठेवून थांबल्या. "मुठी गारच असत्यात लेकराच्या. मानंला हात लावून बघायचं. मला वाटलं व्हतं, तुम्ही मधी बोलाल. ताईंनाबी वाटलं असंल."

दार मिटलं.

तो दिवस हिंदुरावांनी कसाबसा काढला. जेवताना तनुजानं त्यांच्या ताटात भाकरी वाढली, आमटी वाढली, हवापाण्याचं बोलली. गोधडीचा विषय काढला नाही. तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं, असं त्यांना फार वाटलं. ती बोलली नाही, कारण ती त्यांची लेक होती; आणि आपल्याला न बोललेलं सगळं आपल्यासमोर त्या बाईनं मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं. गोधडी धुऊन वाळत पडली होती. रात्री ते शाल घेऊनच झोपले.

दुसऱ्या दिवशी फेऱ्या मारायला ते गेले नाहीत. पावणेसातपासून दार उघडं टाकून उभे राहिले. यमुनाबाई लिफ्टमधून बाहेर आल्या, त्यांनी उंबऱ्याशी चपला काढल्या. हिंदुरावांनी एकदा आत पाहिलं. तनुजा पाळण्यापाशी बसली होती.

"काल गोधडी मी घातली व्हती," ते अगदी हळू म्हणाले. "बोलणी तुम्ही खाल्ली. माझं चुकलं."

यमुनाबाईंनी पदर खोचला.

"मोठ्यानं बोला की, आबा," त्या म्हणाल्या. "काल माझं समद्या मजल्यानं ऐकलं."

आत तनुजाचा पाळण्याला झोका देणारा हात थांबला. हिंदुरावांनी खाकरून घसा साफ केला आणि जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात तेच पुन्हा सांगितलं. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. त्यांनी तिकडे पाहिलं, पण आवाज उतरवला नाही.