ठसा आत्याचा, जोड दुसऱ्याचा

लाँड्रीवाली दारातूनच ओरडली, "आत्या, तुमचा जिना बोलायला लागलाय, पाय ठेवला की करकरतो!"

आत्याने तोंडासमोरची काळी काच वर केली. "माझा कुठला जिना? तुमच्याकडे मी आलेच कधी?"

"आलात नसाल, पण ठसा तुमचाच आहे की! मी वाकून बघितला, मगच बसवू दिला."

आत्याने हातातलं काम तिथेच टाकलं.

गल्लीत तिला सगळेच आत्या म्हणत, केस पिकलेली गिऱ्हाइकंसुद्धा. खरी आत्या ती एका भाच्याचीच. पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून जगाने तिला आत्या करून टाकलं होतं. पूर्वी धंदा म्हणजे एक पत्र्याची शेड, एक जुनं वेल्डिंग मशीन आणि ती. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, मोडलेल्या खुर्च्यांचे पाय. प्रत्येक मोठ्या जोडाशेजारी ती हातोडीने ठसा ठोकायची: अर्धं वर्तुळ आणि आत एक ठिपका. ठसा म्हणजे बोटभर पोलादाचा तुकडा, त्याच्या तोंडावर तिनेच कानशीने कोरलेला. शोभेसाठी नव्हे. उद्या जोड सुटलाच, तर कुणाची मान धरायची हे लोकांना कळावं म्हणून.

मग भाचा शिकून आला आणि त्याने ऑर्डरी ओढून आणल्या. शेडला शेड लागली, वेल्डर वाढले, माल उचलायला छोटी क्रेन आली. जाळ्यांवरून गाडी रेलिंगवर आली, रेलिंगवरून जिन्यांवर, जिन्यांवरून गोदामांच्या सांगाड्यांवर. लोक ठसा शोधून पाहू लागले. आत्याला ते आवडायचं. का नाही आवडणार?

लाँड्री पहिल्या मजल्यावर होती आणि जिना इमारतीच्या बाहेरून. पायऱ्या पेलणारे बाजूचे दोन तिरपे लोखंडी चॅनल वर भिंतीतल्या चौकटीला जोडले होते. त्या जोडाजवळ ठसा होता. आत्याने त्यावरून अंगठा फिरवला. तिचा ठसा एकदा फरशीवर पडला होता आणि अर्ध्या वर्तुळाचं एक टोक उडालं होतं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक खुणेचा एक हात आखूड उमटे. या खुणेचे दोन्ही हात पुरे होते. नवीकोरी खूण.

तिने छिन्नीने जोडावरचा रंग खरवडला. वेल्ड दिसायला देखणं होतं, एकावर एक सारख्या लाटा. पण त्यात टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती. लोखंडावरचा रंग न घासता वरूनच वेल्ड मारलं की रंग जळतो, त्याची वाफ वितळलेल्या धातूत अडकते आणि जोड आतून पोकळ राहतो. तेवढ्यात एक बाई ओल्या चादरींचं गाठोडं घेऊन जिना चढू लागली. जोडाच्या कडेला केसाएवढी रेघ होती. बाईच्या प्रत्येक पावलाला ती रेघ उघडत होती आणि मिटत होती.

"थांबा! आहात तिथूनच मागे फिरा. हळू. कठडा धरू नका."

बाई उतरल्यावर आत्या स्वतः भिंतीकडेने जपून उतरली. मग जिन्याच्या तोंडाशी बाकडं आडवं टाकलं.

"अहो, माझी गिऱ्हाइकं वर कशी येणार?" लाँड्रीवाली म्हणाली.

"आज नाही येणार. मला शिव्या द्या, पण बाकडं हलवू नका."

ती तडक शेडमध्ये परतली. भाचा ऑफिसात नवा शर्ट घालून बसला होता. दुपारी गोदामवाले येणार होते, आजवरच्या सगळ्यात मोठ्या कामासाठी. शेजारी त्याचे वडील, आत्याचे दादा.

"माझा ठसा कुणी बनवला?" तिने विचारलं.

भाचा दचकला नाही. तेच तिला जास्त झोंबलं. "मी. तसेच ठसे लेथवाल्याकडून करून घेतले. आत्या, तू एकटी किती जोड मारणार? लोक ठसा मागतात. तो आता आपल्या कंपनीचा आहे."

"कंपनीला हात आहेत? कंपनी वेल्ड मारते?"

"अगं, जरा आवाज खाली," दादा म्हणाले. "पाहुणे यायचेत. घरातली गोष्ट घरात ठेवू."

"घरात कशी ठेवू, दादा? ती लोकांच्या भिंतींना लटकलीय!" ती भाच्याकडे वळली. "कुठे कुठे मारलास?"

"म्हणजे?"

"ठसा, रे शहाण्या! कुठल्या कुठल्या कामावर?"

त्याने नव्या शर्टाची कॉलर सैल केली. मग म्हणाला, "सगळीकडेच."

आत्याने टेबलावरचा हातरुमाल उचलला आणि पुन्हा ठेवला. तिला काहीतरी फेकायचं होतं आणि तिथे फेकण्यासारखं एवढंच होतं.

ती शेडमध्ये आली. "लाँड्रीचा जिना कुणी जोडला?"

मशीनं एकेक करून थांबली. उंच वेल्डरने हात वर केला. सगळे त्याला खांब म्हणत. "मी, आत्या. चॅनल रंगवून आला होता. मी म्हणालो घासू या. भाचेसाहेब म्हणाले, संध्याकाळी गाडी भरायचीय, मार तसंच."

"आणि तू मारलंस. तुला तोंड नव्हतं? माझ्याकडे यायला पाय नव्हते?"

खांबाने काच कपाळावर सरकवली. मग मान वर करून म्हणाला, "ठसा तुमचा लागणार होता. माझं नाव कुठे होतं त्यात?"

आत्याने नुसते दातओठ खाल्ले, कारण माणूस चुकला होता आणि खरंही बोलत होता.

गोदामवाले वेळेआधीच आले. दोघे होते. भाचा हात पुसत धावला, क्रेन दाखवली, नवीन कटिंग मशीन दाखवलं. थोरल्याने आत्याला ओळखलं. "आमच्या सांगाड्यावरही तुमचा ठसा हवा हं, आत्या. करारात घालून घेतोय."

भाच्याने तिच्याकडे पाहिलं. दादांनी तर डोळ्यांनी हातच जोडले.

"तो घालू नका," आत्या म्हणाली. "त्याच्या नकला झाल्यात. आजपासून त्या खुणेला किंमत नाही. एक जिना सकाळी बंद करून आले. बाकीचे बघायचेत. ते होईपर्यंत इथून नवं काम बाहेर पडणार नाही."

"आत्या गंमत करतेय," भाचा हसायला गेला.

"माझ्या तोंडाकडे बघून सांग त्यांना, गंमत आहे का ते."

थोरल्याने कागद पिशवीत परत सरकवले. "आधी तुमचं घर आवरा," एवढंच म्हणाला आणि धाकट्याला घेऊन निघून गेला.

गाडीचा आवाज विरल्यावर भाचा फुटला. "बुडवलंस! सगळं उभं केलेलं एका वाक्यात बुडवलंस! काय मिळालं तुला?"

"तो जिना पडला असता तर तुला काय मिळालं असतं?"

"पडला नाही ना!"

आत्याचा हात उठला, पण हवेतच थांबला. त्या हाताने तिने खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या छातीवर आपटली.

"खांबा, टेकूचे पाइप भर. ग्राइंडर घे, मशीन घे. आधी लाँड्री." मग भाच्याला, "चालव."

"मी? या कपड्यांत?"

"याच कपड्यांत."

जिन्याखाली टेकू लागले. खांबाने सगळा जोड घासून काढला. पोकळ वेल्डचा भुगा भाच्याच्या नव्या शर्टावर उडत होता, कारण खालचा पाइप त्याच्या खांद्यावर होता. त्याने एकदा सोडायचा प्रयत्न केला. "हललास तर बघ," आत्या म्हणाली. मग काच खाली ओढून तिने स्वतः जोड मारला. तो निवल्यावर लाँड्रीवालीने जिना चढून पाहिला आणि दुकान उघडलं.

आत्या गाडीत भाच्याशेजारी बसली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता.

"आता आठव," ती म्हणाली. "मला गप्पा नकोत. पत्ता सांग."

"दवाखान्याची गच्ची," तो दात आवळून म्हणाला. "तिचं रेलिंग."

"पुढे?"

"चौकातल्या बेकरीचा माळा."

"पुढे?"

"आत्या, खूप आहेत गं."

"ऐकतेय मी," आत्या म्हणाली. "गाडी चालू कर आणि सांगत राहा."