कपाटात फुल रेंज

डोंगरापलीकडे टॉवर उभा राहिला आणि आमच्या अख्ख्या गल्लीत रेंज आली ती फक्त आईच्या लाकडी कपाटात. गच्चीवर नाही, रस्त्यावर नाही. कपाटात, तेही दार लावून घेतलं तर. का, ते विचारू नका, मी सगळं करून बघितलंय. मधल्या फळ्या काढून आम्ही आत स्टूल ठेवलं. गल्लीतल्या कुणीही यावं, चपला काढाव्यात, आत बसून बोलावं. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की आई दार उघडायची. प्रत्येकासाठी तोच कुकर पुन्हा चढायचा, त्यामुळे आमच्याकडे बटाट्यांचा रोज गाळ.

त्या दिवशी मात्र अकरा वाजता कपाट ताईचं होतं. टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात नोकरी, मुलाखत फोनवरच. आधी दोनदा त्यांचा फोन लागलाच नव्हता, आणि ही शेवटची संधी असं पत्र आलेलं. ताई सकाळपासून इस्त्रीचा ड्रेस घालून बसलेली. कपाटात कोण बघणार होतं तिला?

पावणेअकराला त्याच कंपनीचा मोजणीवाला गल्लीभर फिरून आमच्या दारात आला. गळ्यात यंत्र. नवा टॉवर द्यायचा की नाही ते ठरवायला गल्लीत दहा वेळा रेंज मोजायची होती.

"सगळीकडे शून्य येतंय," तो रडवेला झालेला, "आणि यंत्र शून्य घेतच नाही. 'पुन्हा मोजा' म्हणतं."

आई भोळी. म्हणाली, "मग कपाटात बसा की."

बसला. आतून ओरडला, "फुल! अहो, फुल!" आणि दहाच्या दहा मोजण्या तिथेच घ्यायला लागला. एकेकीला पाच मिनिटं.

अकराला तीन मिनिटं कमी असताना मी दार उघडलं. "निघा."

"तिसरी चालू आहे."

"माझ्या बहिणीच्या नोकरीचा प्रश्न आहे!"

"माझ्याही नोकरीचाच आहे, बाई."

"बाई कुणाला म्हणता?"

"अगं, शाळा सोडलीस, निदान तोंड तरी सोडू नकोस," आई मधे पडली.

मी त्याची कॉलर धरली, तर त्याने कपडे टांगायचा दांडा धरला. हँगर पडले, तो हलेना. शेवटी मी ताईलाच आत ढकललं, दार लावलं आणि पाठ टेकून उभी राहिले.

फोन वाजला. ताईचा फोन कानाला लावून काही ऐकू येत नाही, म्हणून तो स्पीकरवरच असतो. नाव, वय, टायपिंग झालं. मग तिकडच्या मॅडम म्हणाल्या, "समजा, ग्राहक म्हणाला गल्लीत रेंजच नाही. काय सांगाल?"

ताईने तोंड उघडायच्या आत मोजणीवाला खेकसला, "खोटं! रेंज फुल आहे! आणि पाय काढा माझ्या यंत्रावरून!"

मी दार आणखी घट्ट दाबलं.

"कोण आहे तिथे?" मॅडमनी विचारलं.

मग इतका मधाळ आवाज आला की मला वाटलं आत तिसरंच कुणीतरी आहे. "ग्राहक आहेत, मॅडम. सरावासाठी बोलावलेत." आणि त्याला म्हणाली, "सर, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. आपण कुठून बोलताय?"

"कपाटातून."

"आपली अडचण नोंदवली आहे, सर. आपण खाली बसाल का?"

"बसतो," तो म्हणाला. वर चक्क, "थँक्यू, मॅडम."

मी कॉलर धरून जो हलला नाही, त्याला हिने जागच्या जागी बसवलं.

फोनवर मॅडम हसल्या. मग, "सोमवारपासून कामावर. घरूनच, नऊ ते सहा."

मोजणीवाला दहा फुल घेऊन गेला. टॉवर अर्थातच रद्द.

सोमवारी दुपारी कपाटापुढे ही रांग! शेजारचा शिंपी दार बडवत होता, "पोरी, दोन मिनिटं दे!" आतून आलं, "आपली तक्रार नोंदवली आहे, सर." शिंपी मान डोलावत घरी गेला. मला राग आला. मी रांगेत घुसले.

"ताई, मी आहे. जेवायला चल, आई थांबलीय."

"आपलं जेवण आमच्यासाठी महत्त्वाचं आहे," आतून ताई म्हणाली. "आपण रांगेत सहाव्या आहात."

मी मागे वळून मोजलं. खरंच पाच जण होते. मी गुपचूप जाऊन त्यांच्या मागे उभी राहिले.