नारळ लांब फोडा

मी हार्डडिस्क बोलतेय. मेलेली हार्डडिस्क, असं इथली शहाणी माणसं म्हणतात.

कुरुळीला चिमाजीकाकांच्या लेथच्या शेडमध्ये मी बारा वर्षं काढली. मिनिटाला सात हजार दोनशे फेरे घेते मी! काकांच्या लेथनं एवढे घेतले तर ती पत्रा फाडून देहूच्या घाटावर पडेल. कंपनीला जाणाऱ्या सुट्या भागांची सगळी ड्रॉइंगं माझ्याच पोटात. दुसरी प्रत? छे. दर दसऱ्याला हळदकुंकू मात्र न चुकता.

यंदा काकांनी नारळ थेट कॉम्प्युटरच्या डोक्यावर फोडला. एका नारळात अख्ख्या इंद्रायणीचं पाणी! कॉम्प्युटर जागच्या जागी गेला. मी मात्र आत कोरडी, ठणठणीत.

मला काढून नव्या कॉम्प्युटरात बसवलं. पडद्यावर इंग्रजीत उमटलं, की चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. सापडत नाही? मी काय पिंपरीच्या बाजारात गेले होते? अहो, माझी सुरू व्हायची पद्धत जुनी. नव्या कॉम्प्युटरला ती सांगावी लागते, विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये.

पण ते वाचणार कोण? पिंपरी कॅम्पातून शेखर मेकॅनिक आला. त्यानं मला बाहेर काढून शंखासारखं कानाला लावलं आणि परत आत बसवलं.

"गेली, काका."

"आरं, उद्या कंपनीचं सायब येणार! ड्रॉइंग न्हाई दावलं तर काम दुसऱ्याला जातंय," काका रडकुंडीला आले.

"फॉरमॅट मारतो," पुतण्या दिग्विजय म्हणाला. इंजिनिअर ना तो! मला पुसून टाकल्यावर ड्रॉइंगं काय कॉलेजातून आणणार होता?

माल तपासणारी वर्षाली पुढे झाली. "थांबा, आधी सेटिंग बघते."

"ताई, तिथं हात नको घालूस. कॉम्प्युटर उडेल," शेखरनं अडवलं.

"आधीचा उडाला तेव्हा कुणाचा हात होता, भाऊ?"

काका पत्र्याकडे बघू लागले.

कॉम्प्युटर चालू होताहोता तिनं एक बटण दाबलं. एकेक ओळ वाचली. 'लेगसी' नावाची जुनी पद्धत चालू केली आणि सुरू होण्याच्या रांगेत मला पहिला नंबर दिला. मी घरघरले. बारा वर्षांची ड्रॉइंगं पडद्यावर हजर!

"मी हेच सांगणार होतो," शेखर म्हणाला.

वर्षालीबाई, आता एकच कर. माझी दुसरी प्रत काढ, आत्ताच्या आत्ता. काका आनंदाच्या भरात नारळ सोलायला बसलेत.