पाठुंगळीला बसून आलेली सुईण

त्याचं नाव तुमच्या दप्तरात आहे आणि तुम्ही ते दाबून ठेवलंत. ओढ्यापलीकडच्या साहेबांनो, तुम्ही. आणि अलीकडच्या साहेबांनो, तुम्हीसुद्धा, कारण तुमच्या माणसाने सगळं पाहिलं आणि तुम्ही कागदावर 'काही घडलं नाही' असं लिहून दिलंत. अर्धं जग याने घेतलं, अर्धं त्याने घेतलं, आणि वाटणी करताना एका साध्या शिपायाचं नाव तुम्ही दोघांनी मिळून गिळलंत. ओटरनाउ गावात एक पोर सात आठवडे बिननावाचं पाळण्यात पडून होतं, ते तुमच्यामुळे.

जर्मनीतलं गाव ते केवढं, चौतीस घरांचं. मधून ओढा. अलीकडे चर्च आणि कुनिगुंडेची पाणचक्की, पलीकडे लोहार आणि सुईण. ओढ्यात हद्दीचा दगड होता, त्यावर दोन जुन्या राजांची अक्षरं कोरलेली. राजे कधीच मेले होते आणि बायका त्या दगडावर धुणं आपटायच्या. हद्दीचा एवढाच काय तो उपयोग.

गावात दोन रीती होत्या. कुठल्याही घरी बाई अडली की पाणचक्कीच्या माळ्यावरच्या खिडकीतून पांढरी चादर सोडायची. ती बघून सुईण बाबेटमावशी पिशवी उचलून पूल ओलांडून यायची. दुसरी रीत अशी, की जो माणूस सुईणीला उंबऱ्यापर्यंत आणून पोचवेल त्याचं नाव बाळाला. बहुतेकदा बापच धावायचा, म्हणून गावात बापाचं आणि पोराचं नाव एकच. पण एकदा टपालवाल्याने आणली, तर टपालवाल्याचं नाव ठेवलं, आणि बापाने ब्र काढला नाही.

पंचेचाळीसच्या एप्रिलात अमेरिकन रणगाडे आले तेव्हा हुकूम होता : घराघरावर पांढरं दिसलं पाहिजे, नाहीतर तोफ डागू. लोकांनी पटापट चादरी सोडल्या. बाबेटमावशी सकाळी उठली, खिडकीतून बघते तर सगळीकडे चादरी. म्हणाली, "अगं मारिये! अख्खं गाव एकाच दिवशी मोकळं होतंय!" आणि खरोखर पिशवी घेऊन निघाली. पहिल्या दारात तिला ऐंशी वर्षांचा सुतार भेटला. तो म्हणाला, "ये मावशी, मला मुलगाच हवाय." रणगाडे वेशीवर होते आणि गाव पोट धरधरून हसत होतं.

जुलैत अमेरिकन अलीकडे सरकले आणि पलीकडे रशियन आले. पहिला उन्हाळा बरा गेला. इकडचा सार्जंट आणि तिकडचा सार्जंट पुलावर पाय सोडून बसायचे, एकमेकांची घड्याळं हातात घालून बघायचे, मासे भाजून खायचे. दोघांनी मिळून एक राक्षस मारला होता, हसणं स्वाभाविक होतं. कुनिगुंडेने आलुबुखारचा केक केला तर एकाच ताटातून दोघांना दिला.

मग काय बिनसलं? कोणी कोणाच्या थोबाडीत मारल्याचं ओटरनाउने पाहिलं नाही. आधी मासे भाजणं थांबलं. मग हात हलवणं थांबलं. शरदात पुलावर आडवा बांबू आला. पुढच्या वर्षी बांबू ओलांडायला शिक्क्याचा कागद लागला, त्याच्या पुढच्या वर्षी दोन शिक्के, आणि याचा शिक्का त्याला चालेना, त्याचा याला. अठ्ठेचाळीसच्या जूनमध्ये पुलाच्या फळ्याच काढून नेल्या. तिकडे बर्लिनच्या वाटा बंद झाल्या. डोक्यावरून विमानं घोंघावत जाऊ लागली, कोंडलेल्या बर्लिनला पीठ आणि कोळसा घेऊन. कुनिगुंडे मान वर करून म्हणायची, "एवढ्या लांब पीठ उडत जातंय, आणि माझ्या दारातलं पीठ वीस पावलांवर लोहाराकडे जात नाही."

पलीकडच्या पहाऱ्यात एक तांबड्या केसांचा पोरगेला शिपाई होता. गाव त्याला गाजर म्हणायचं. पूल होता तेव्हा त्याने एकदा चादर सुटलेली आणि म्हातारी लगबगीने निघालेली पाहिली होती. त्याने भुवया उडवून विचारलं, तेव्हा बाबेटने दोन हातांचा पाळणा करून हलवून दाखवला. तो हसला आणि बांबू वर केला. संबंध एवढाच.

अकरा नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी दुपारी कुनिगुंडेची लेक वाल्बुर्गा अडली. मूल पायाळू. पाय खाली, डोकं वर. जावई लोरेन्झ शहरात डॉक्टर आणायला सायकलवर गेला होता, अठरा किलोमीटर, आणि त्याच्या पायाची दोन बोटं रशियात कैदेत असताना गळून पडलेली. असली मुलं फिरवून काढणारे हात त्या मुलखात एकाच बाईचे होते, आणि ती बाई पलीकडे होती. ओढा पावसाने फुगून कमरेपर्यंत आलेला.

कुनिगुंडेने माळ्यावर जाऊन चादर सोडली. पाच मिनिटांत अमेरिकन कॉर्पोरल प्रुइट जिना चढून वर.

"चादर खाली, मॅडम. ऑर्डर. पलीकडे सिग्नल देणं बंद."

"सिग्नल नाही रे मुडद्या! पोरगी मरतेय माझी!"

"मी गाडी बोलावतो. दोन तास."

"दोन तासांनी गाडीत काय घालशील? पेटी? अरे, तीन वर्षांपूर्वी याच खिडकीत चादर दिसली नसती तर घर उडवणार होतात तुम्ही. आज दिसली म्हणून उडवणार?"

"तेव्हा मी नव्हतो, मॅडम. मी शाळेत होतो."

"मग शाळेतच राहायचं होतंस!"

त्याने मान खाली घातली, पण चादर ओढून घेतली. खाली वाल्बुर्गाचं ओरडणं ऐकून जिन्याच्या दोन पायऱ्या चुकल्या त्याच्या.

पण पाच मिनिटं चादर दिसली होती. बाबेटमावशी तळघरात बटाटे निवडत होती, तिने काही पाहिलं नाही. पाहिलं ते गाजराने. वर गेलेली पाहिली, खाली ओढलेलीही पाहिली.

मावशी पुढे सांगायची : "दारावर बंदूकवाला! म्हटलं, आला माझा सायबेरिया. पिशवी घेतली. म्हटलं, तिथेही बायका बाळंत होतच असतील. तर तो मेला दोन हातांचा पाळणा करून हलवतोय. मग मला कळलं."

काठावर आल्यावर त्याने अंगावरचा जाड कोट काढून मावशीला गुंडाळला, बंदूक झाडाला टेकवली आणि पाठ करून खाली बसला. मावशी म्हणजे दोन पोती पीठ आणि वर एक पायली. ती पाठुंगळीला बसली आणि तिने त्याचे केस धरले, लगामासारखे.

"सावकाश, घोड्या! पाडलंस तर तुझ्या आईला सांगेन!"

मधोमध पाणी त्याच्या छातीला लागलं. कुनिगुंडे उंबऱ्यातून बघत होती आणि तिचे ओठ आपोआप हलत होते. हद्दीचा दगड आला. तिथे तो क्षणभर थांबला. तो दगड ओलांडला की काय होतं हे त्याला ठाऊक होतं, गावातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. त्याने दगडाला हात टेकून तोल सावरला आणि ओलांडला.

अलीकडे कॉर्पोरल प्रुइट उभा होता, बंदुकीसह. त्याने गाजराकडे पाहिलं. मग तो चक्कीच्या भिंतीकडे वळला आणि सिगारेट पेटवू लागला. एक काडी, दोन काड्या, चार काड्या. वारा नव्हता. देव त्याचं भलं करो. चादर ओढली ती हुकमाने, पण पाठ फिरवली ती त्याची स्वतःची.

गाजराने मावशीला चिखलात उतरवलं नाही. सात पावलं चालून उंबऱ्यावर आणून ठेवलं. कुनिगुंडेच्या हातात मार्टिनच्या सणाचा गरम पाव होता, तोच तिने त्याच्या हातात कोंबला. तो काहीतरी बोलला. आतून किंकाळी आली, ती वळली. पुन्हा बघते तर तो ओढ्यात, पाव टोपीत धरून डोक्यावर.

नाव विचारायचं राहिलं.

तासाभराने मुलगा झाला. निळा, मग लाल. मावशीने त्याला दोन थपडा दिल्या आणि तो असा रडला की भिंतीपलीकडे प्रुइटने टोपी काढली. वाल्बुर्गा जगली. लोरेन्झ डॉक्टरला घेऊन पोचला तेव्हा डॉक्टरला करायला फक्त सूप पिणं उरलं होतं.

अंधार पडायच्या आत पलीकडून अधिकारी आला. मावशीला परत न्यायला पुलावर दोन फळ्या टाकल्या. ती गेली. तिने पाहिलं, गाजर झाडाखाली उभा होता आणि अटकेतल्या शिपायासारखा त्याच्या कमरेचा पट्टा काढून घेतला होता. दुसऱ्या दिवसापासून तो दिसला नाही.

ओढ्यावर बोलायला बंदी होती, पण धुण्याला शिव्या द्यायला नव्हती. म्हणून दोन्ही काठांवरच्या बायका आपापल्या कपड्यांशी बोलायच्या.

कुनिगुंडे चादर आपटत म्हणाली, "काय गं चादरी, तो तांबडा डाग कुठे गेला?"

पलीकडे मावशीने पेटीकोट पिळला. "पेटीकोटा, मला काय ठाऊक! गाडीत घालून नेला. विचारलं तर म्हणाले, असला डाग इथे नव्हताच."

"नाव तरी विचारलंस का गं, मेले चादरी?"

"केस धरले होते पेटीकोटा, नाव कुठे धरणार होते!"

पहारेकरी बघत राहिला. बायकांना वेड लागलंय असं त्याने ठरवलं असावं.

पाद्रीबाबा बाप्तिस्म्याची घाई करू लागले. "मार्टिनच्या दिवशी जन्मला, मार्टिन ठेव. संताने भिकाऱ्याला आपला अर्धा झगा फाडून दिला. चांगलं नाव आहे."

"त्याने अर्धा दिला, बाबा. याने अख्खा दिला," कुनिगुंडे म्हणाली. खुंटीवर तो कोट होता. "आणि संत घोड्यावर होता. हा घोडा झाला."

"पण बाई, देवाला नाव नको का?"

"देवाला नाव मी देणारच आहे. खरं देणार आहे. उपकार मानायचे तर नाव लागतं. तुम्ही देवाचे आभार मानता ते काय 'अहो, कोण ते' म्हणून मानता?"

लोरेन्झला मात्र रशियन नाव नको होतं. तीन वर्षं त्याने तिकडे लाकडं तोडली होती. त्याने तो कोट दोनदा अंगणात फेकला आणि कुनिगुंडेने दोनदा उचलून आणला. तिसऱ्यांदा, डिसेंबरात, चूल विझली असताना पोर गारठून रडू लागलं. लोरेन्झ उठला. त्याने खुंटीवरून कोट काढला आणि पोरावर घातला.

"सासूबाई," तो म्हणाला, "छावणीत एक म्हातारी होती. तारेतून बटाटे टाकायची. तिचंही नाव मी विचारलं नाही." मग म्हणाला, "कागद आणा. मला त्यांची अक्षरं येतात."

दोन पत्रं लिहिली. एक तिकडे त्यांच्या भाषेत, एक इकडे. तक्रार नव्हती त्यांत. लिहिलं होतं : आमची लेक आणि नातू एका तांबड्या केसांच्या शिपायामुळे जगले. त्याला शिक्षा झाली असेल तर ती आमच्यासाठी झाली, माफ करावी. आम्हाला त्याचं नाव बाळाला द्यायचंय. इकडच्या पत्रात शेवटी एक ओळ जास्त : आणि तुमच्या कॉर्पोरलचे आभार, तो काड्या फार वाया घालवतो.

उत्तरं आली. तिकडून : 'नमूद चौकीवर तांबड्या केसांचा कोणीही शिपाई कधीही नेमलेला नव्हता.' इकडून : 'नमूद तारखेला सीमा कोणीही ओलांडलेली नाही.' साडेतीन वर्षांत कोळशावर, बर्लिनवर, नोटांवर, कशाकशावर ज्यांचं जमलं नाही, त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं : तो नव्हताच.

डिसेंबरच्या तीस तारखेला, भर दुपारी, कुनिगुंडेने नातवाला त्या कोटात गुंडाळलं आणि मोडक्या पुलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. मागे लोरेन्झ, मागे वाल्बुर्गा. भिंतीजवळ प्रुइट. त्याने तिला अडवलं नाही. पलीकडे काठावर धुण्याच्या जागी बाबेटमावशी, हातात कोरडाच पेटीकोट. नवा पहारेकरी होता, त्याच्यामागे त्या संध्याकाळी आलेला अधिकारी.

कुनिगुंडेने पोराला दोन्ही हातांनी वर धरलं. थंडी लागून त्याने भोकाड पसरलं, दोन्ही काठांना ऐकू जाईल असं. ती ओरडली, आणि लोरेन्झ तिचं वाक्य न् वाक्य त्यांच्या भाषेत ओरडत गेला.

"साहेब, हा बघा! कोणी ओलांडलं नाही म्हणता, मग हा कसा जिवंत आहे? तो नव्हता म्हणता, मग हा कोट कोणाचा? मी भांडायला आले नाही. मी आभार मानायला आले आहे, आणि ते घेतल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही. माझ्या उंबऱ्यावर सुईण आणून ठेवणाऱ्याला त्याच्या आईने काय म्हणून हाक मारली, एवढंच विचारते. कुठे ठेवलाय त्याला? आणि त्याचं नाव काय? बोला!"