ओवाळणीचं पाणी

भाऊबीजेला साहेबराव न्हावरे गावाच्या खालच्या अंगाला बहिणीकडे गेला, तेव्हा रंभाच्या चुलीवर डाळ शिजता शिजत नव्हती. सकाळपासून जाळ घालून ती मेटाकुटीला आली होती. डाळच जून असेल, असं साहेबराव म्हणाला. रंभाने जाळ पुढे सारला. डाळ चांगली होती. विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं.

नवरा गेल्यावर रंभा माहेरी आली, तेव्हा वडिलांनी चोळीबांगडीसाठी तिला हा काळ्या जमिनीचा तुकडा आणि विहीर दिली. मेथी-वांगी काढून ती तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात विकायची. वरच्या अंगाला साहेबरावाचं रान. बहात्तरच्या दुष्काळात बहिणीने पाण्यासाठी केलेली वणवण त्याच्या जिवाला लागली होती. पाटाचं पाणी आलं आणि तो हरखून गेला. मधल्या बांधावरची हिवरं, बोरी, करंज तोडले, गवत पेटवलं, बांधापर्यंत ऊस लावला. आणि दर भाऊबीजेला ओवाळणी म्हणून पाटाच्या पाण्याची आपली अख्खी पाळी तो रंभाच्या रानात सोडू लागला. शिवाय उसातून सुटलेलं पाणी बारा महिने तिकडेच उतरायचं. गावाने त्याचं कौतुक केलं. लुगडं कुणीही देतं, पाणी कोण देतं? भल्या माणसाच्या हातून होणाऱ्या नुकसानाला कुणी अडवत नाही, हेच खरं दुःख आहे.

त्या दिवशी ओवाळून झाल्यावर साहेबराव पाणी सोडायला उठला. यंदा पाणी नको, असं रंभा म्हणाली. त्याला थट्टा वाटली. तेव्हा ती त्याला रानात घेऊन गेली. मातीवर पांढरा थर चढला होता, वांगी पिवळी पडली होती. तिने खुरप्याने ढेकूळ उलटवलं. खाली एकही गांडूळ नव्हतं.

"ही जमीन पान्यात बुडून मेली, दादा," ती म्हणाली. "बांधावरची झाडं खोलचं पानी पीत व्हती, तवा खार खालीच ऱ्हायचा. गांडुळांनी, मुंग्यांनी माती मोकळी ठिवली व्हती, पानी मुरून जायचं. आता पानी तुंबतंय, खार वर येतोय आन् हिरीतबी उतरतोय."

"मग आजवर बोलली का न्हाईस?"

"भावाची ओवाळणी कोन परत करतं?"

साहेबरावाने ते ढेकूळ हातात घेऊन चुरलं. मग त्याने तिला आपल्या वरच्या रानातला तुकडा देऊ केला. दोघं वर गेली. त्याने स्वतः खुरपं चालवलं. उसाच्या सरीतही पांढरी कड उमटू लागली होती. बहिणीला द्यायला त्याच्याकडे धड जमीनही उरली नव्हती!

साहेबरावाने निम्मा ऊस मोडला, तुंबलेलं पाणी काढायला चर खणले, बांधावर पुन्हा करंज लावले. पण झाडं वाढायला वर्षं लागतात आणि पोट रोजच असतं. रंभा दौंडला चार घरची धुणीभांडी करायला गेली. तिला एसटीत साहेबरावानेच बसवून दिलं.

मंडळी, सातबाऱ्यावर नाव आपलं असतं, पण मातीच्या पोटातलं पाणी कुणाचा बांध ओळखत नाही. आपण वर झाड तोडतो, खाली कुणाची तरी विहीर नासते. साहेबरावाची माया खोटी नव्हती. एवढ्या वर्षांत त्याने रंभाला एकदा विचारलं असतं, "बाई, तुझ्या रानाला काय हवंय?" तर ती आज तिथेच मेथी खुडत असती.